नळदुर्गची प्रशस्ती : शौर्य, प्रसंगावधान आणि आत्मार्पण यांच्या लेखनाविषयी

मराठी वीरवाङ्मयाचा अभ्यास म्हटला म्हणजे आपल्या विद्यापीठांतून पोवाडे, बखरी आणि फार तर काही ऐतिहासिक नाटके-कादंबऱ्या यांचा विचार होतो. पोवाड्याची रचना, शाहिराचा आश्रयदाता, बखरीची ऐतिहासिक विश्वसनीयता हे प्रश्न पुष्कळ चर्चिले गेले आहेत. परंतु गेल्या शंभर वर्षांत रणांगणावरील पराक्रमाची नोंद प्रत्यक्षात ज्या लेखनप्रकाराने केली, त्याच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्वचितच लक्ष दिले आहे. हा प्रकार म्हणजे शौर्यपदकाबरोबर प्रसिद्ध होणारी प्रशस्ती. ती शासकीय राजपत्रात छापली जाते, समारंभात एकदा वाचली जाते, आणि मग वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके व स्मारकांवरील फलक तिच्यातील वाक्ये जशीच्या तशी उचलतात. एखादा सैनिक कसा लढला आणि कसा मेला याविषयी सर्वसामान्य मराठी वाचकाच्या मनात जी प्रतिमा असते, ती आज बहुधा या चार-सहा वाक्यांनीच घडविलेली असते. ज्या गद्याचा एवढा प्रभाव आहे, ते वाङ्मय नव्हे असे म्हणून सोडून देणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही.

प्रस्तुत विचाराला निमित्त आहे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील एका लढाईचे. दिनांक १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्याने सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत प्रवेश केला. मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्या हाताखालच्या या दळाचा पहिला अडसर म्हणजे तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद रस्ता येथे बोरी नदी ओलांडतो. नदीच्या वळणावर उभा असलेला किल्ला पाणीमहालासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात धरणाच्या भिंतीवरून कोसळणारे पाणी पाहावयास आजही लोक येतात. १९४८ च्या सप्टेंबरात मात्र महत्त्व होते ते पुलाला. पूल हाती आला तर रणगाडे त्याच दिवशी उमरग्यापर्यंत जाणार. पूल उडाला तर भर पावसाळ्यात, नदीनाल्यांना पूर असताना, सारे दळ अडकून पडणार. किल्ल्यावर आणि परिसरात पहिल्या हैदराबाद इन्फन्ट्रीचे लोक होते. पूल हाती आला, किल्ला पडला, आणि दुपारपर्यंत सैन्य उमरग्याला पोहोचले. इतिहासाच्या ग्रंथांतून नळदुर्गला यापेक्षा अधिक जागा क्वचितच मिळते, कारण चारच दिवसांनी, १७ सप्टेंबर रोजी, निजामाने शस्त्रे खाली ठेवली.

या सकाळी दुसऱ्या शीख पलटणीच्या आघाडीच्या प्लाटूनचे नेतृत्व हवालदार बचित्तर सिंग यांच्याकडे होते. पुढे त्यांना अशोकचक्र (वर्ग पहिला) मरणोत्तर देण्यात आले. प्रशस्तीत आलेला घटनाक्रम थोडक्यात असा. पहाटेच्या वाटचालीत त्यांना दोन मोटारगाड्या येताना दिसल्या. त्यांनी आपल्या लोकांना गोळीबाराचा हुकूम दिला व धावून जाऊन गाड्या, बरोबरच्या पहारेकऱ्यांसह, ताब्यात घेतल्या. नंतर प्लाटूनवर खणलेल्या मोर्चांतून जबर मारा होऊ लागला. हवालदाराने आपल्या लोकांना पुढे नेऊन लाइट मशीनगनचे दोन मोर्चे जिंकले. तिसऱ्यावर चाल करताना गोळ्यांची फैर त्यांच्या मांडीत घुसली आणि ते कोसळले. ते तसेच सरपटत पुढे गेले, दोन हातगोळे फेकले आणि तो मोर्चा बंद पाडला. मागे हलविण्यास नकार देऊन ते आपल्या लोकांना धीर देत राहिले. प्लाटूनने आपले लक्ष्य गाठले. हवालदार मृत्यू पावले.

हे कथन पहिल्या वाचनात परिणामकारक वाटते, आणि ते तसे आहेही. विशेषणे थोडी, क्रियापदे पुष्कळ. पाहिले, हुकूम दिला, धावला, जिंकले, कोसळला, सरपटला, फेकले. वीररसाच्या नावाखाली आपल्याकडे शब्दांचा जो गडगडाट चालतो त्याच्या शेजारी हा अनलंकृत घटनाक्रम ठेवला, म्हणजे कोणत्या लेखनात वीर दिसतो आणि कोणत्यात केवळ लेखक, हे वेगळे सांगावे लागत नाही. पण या क्रियापदांच्या साखळीत प्रशस्तीलेखक ठराविक जागी एक ठराविक वाक्यांश घालतो. मराठीत तो ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता’ असा येतो. पदक कोणतेही असो, युद्ध कोणतेही असो, हा वाक्यांश सहसा चुकत नाही. माझा आक्षेप आहे तो या वाक्यांशाला, आणि तो केवळ शैलीचा आक्षेप नव्हे.

पर्वा न करणे ही मनाची कोणती अवस्था आहे? मराठीत ‘बेपर्वा’ हा शब्द आपण निष्काळजी माणसाला लावतो. दारूच्या किंवा संतापाच्या भरात कड्यावरून उडी टाकणाऱ्यालाही जिवाची पर्वा नसते. बचित्तर सिंगांची कृती या जातीची आहे काय? मांडी निकामी झाल्यावर उठून धावण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ते जमिनीशी राहिले. बंदुकीऐवजी हातगोळा वापरला. उभे राहता न येणारा माणूस मशीनगनच्या खड्ड्याविरुद्ध जे एकच परिणामकारक साधन वापरू शकतो, ते त्यांनी निवडले. आणि हातगोळ्याच्या टप्प्यात येईपर्यंत ते फेकले नाही. यातील प्रत्येक गोष्ट हिशेबाची आहे. जीव जाणार हे कळत असताना उरलेल्या जिवाचा उपयोग कशासाठी करावयाचा, याची इतकी काळजीपूर्वक पर्वा करणाऱ्या माणसाविषयी ‘पर्वा न करता’ हे शब्द लिहिणे म्हणजे त्याच्या कृतीतील बुद्धी पुसून टाकणे होय. आणि बुद्धी पुसली की त्यागही पुसला जातो. त्याग हा जाणतेपणाने केलेला असतो. ज्याला किंमत ठाऊक नाही तो काही गमावतो, देत नाही.

येथे आपल्या साहित्यशास्त्राकडे वळणे उपयुक्त ठरेल. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, हे विद्यार्थी पाठ म्हणतात आणि तेथेच थांबतात. परंतु नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात वीररसाचे विभाव मोजताना भरताने बल आणि पराक्रम यांच्याही आधी असंमोह, अध्यवसाय आणि नय यांची नावे घेतली आहेत. असंमोह म्हणजे गोंधळून न जाणे. संकटाच्या क्षणी बुद्धी शाबूत असणे. ज्याला आपण प्रसंगावधान म्हणतो तो हाच गुण. भरताच्या दृष्टीने तो वीराचा जोडगुण नाही, वीरत्वाचा उगम आहे. उत्तरकालीन शास्त्रकारांनी युद्धवीर, दानवीर, दयावीर असे भेद पाडण्यात जेवढी शक्ती खर्च केली, तेवढी या असंमोहाच्या विवरणात केली असती तर आपल्या वीरकाव्याला, निदान त्याच्या समीक्षेला, वेगळे वळण लागले असते असे वाटते.

शास्त्राने जे सोडून दिले ते मराठी बखरकारांनी मात्र सोडले नाही. याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यातून सुरू होते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे राजारामाच्या आज्ञेवरून, १६९७ च्या सुमारास, जी बखर लिहिली तिच्यात अफझलखानाच्या स्वारीचा आरंभ तुळजापूरच्या भवानीच्या उपमर्दाने होतो आणि शेवट प्रतापगडाच्या पायथ्याशी. ऐतिहासिक तपशिलाच्या वादात येथे पडण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते कथनाचे प्रमाण. प्रत्यक्ष झटापट काही वाक्यांत आटोपते. बखरकार रमतो तो तिच्या आधीच्या खटाटोपात : राजा भ्याला आहे असा समज खानाच्या मनात कसा पेरला, वकिलाने कोणते बोलणे कोणत्या क्रमाने केले, भेटीच्या जागी माणसे किती असावीत यावर घासाघीस कशी झाली, सय्यद बंडा जवळ नको असे कसे ठरविले, अंगाखाली चिलखत आणि हातात शस्त्र कसे लपविले, रानात लोक कसे दडविले आणि कोणत्या इशाऱ्यावर त्यांनी उठावयाचे होते. येथे धैर्य वेगळे आणि बुद्धी वेगळी, असा भेदच करता येत नाही. त्या शामियान्यात जाण्याचे धैर्य हे त्या साऱ्या मसलतीचे शेवटचे पाऊल आहे.

बखरीच्या भाषेतच या दृष्टीची सोय आहे. ‘म्हणोन’ हा बखरगद्याचा आवडता शब्द घ्या. तो एकाच वेळी दोन कामे करतो. कोणी काय बोलले हे सांगून झाले की वाक्याच्या शेवटी तो येतो. आणि एखादी गोष्ट का केली हे सांगतानाही तोच येतो. त्यामुळे बखरीतला वीर विचार करतो तेव्हा तो विचार बोलल्यासारखा ऐकू येतो, आणि त्याची कृती त्या बोलण्यातून निघाल्यासारखी वाटते. याच्या उलट आधुनिक प्रशस्तीचा जोडशब्द ‘तरीही’ आहे. जखमी झाला, तरीही पुढे गेला. मारा जबर होता, तरीही चाल केली. ‘तरीही’ने धैर्य सिद्ध होते, बुद्धी सिद्ध व्हावयास ‘म्हणून’ लागतो. प्रशस्तीत ‘म्हणून’ कोठे आला आहे हे शोधणे, ही तिच्या परीक्षणाची एक सोपी व माझ्या मते खात्रीची कसोटी आहे.

या कसोटीवर सर्वच प्रशस्ती उणे ठरतात असे मात्र नाही. मराठा पलटणींतील दोन प्रशस्ती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील जवळजवळ सर्व माणसे पडली. त्यांनी एकट्याने मशीनगनवर चाल केली, हातगोळा फेकला, गोळ्या झाडल्या; आणि काडतुसांची पेटी बदलण्यास अवधी नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. नंतर दुरून आलेल्या गोळीने ते स्वतः पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘अवधी नाही म्हणून’ या तीन शब्दांत माणूस जिवंत उभा राहतो. आपल्याला त्याचे क्षणभराचे गणित दिसते. दुसरी प्रशस्ती शिपाई नामदेव जाधव यांची, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीचा काठ. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून सुरक्षित जागी आणले. मग पलीकडच्या मोर्चांवर एकटेच परतले. हाताला जखम होऊन बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातगोळे घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करीत त्यांनी आपल्या कंपनीला हातवारे करून बोलाविले. परक्या राजाच्या नोकरीतील या शिपायाची मराठी रणगर्जना इंग्रजी राजपत्रात नोंदविली गेली, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला गंमतीची वाटावी. प्रशस्तीत सैनिकाचा स्वतःचा आवाज इतका स्पष्ट क्वचितच ऐकू येतो.

आणखी एक उदाहरण अधिक बोलके आहे. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना नौशेरा-राजौरी मार्गावरील एप्रिल १९४८ च्या कामगिरीसाठी परमवीरचक्र मिळाले. मुंबई सॅपर्सचा हा अधिकारी. शत्रूला मारणे हे त्यांचे काम नव्हते. सुरुंग काढणे, रस्त्यात पाडलेली झाडे हटविणे, फुटलेल्या पुलाला वळसा काढणे हे होते. मारा चालू असताना ते पहिल्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्या चालीने सरपटत गेले आणि चालकाशी दोरांनी संधान ठेवले. दोर ओढला की थांबावयाचे, दुसरा ओढला की चालावयाचे. रणगाड्यालाच ढाल करण्याची ही कल्पना शिवकालीन बखरीत शोभावी अशी आहे. तिच्याविषयी वाचताना आपण प्रथम हसतो, मग थरारतो. युद्धकथेत विनोद आणि भय अशा रीतीने एकाच प्रसंगी येतात, हे ज्यांनी सैनिकांच्या गप्पा ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक असते. राजपत्राला मात्र हास्य वर्ज्य आहे.

पुन्हा नळदुर्गकडे येऊ. त्या सकाळच्या हकिकतीत एक युक्ती आणखीही आहे, पण ती विरुद्ध पक्षाची. हैदराबादच्या सैन्यात नोकरीस असलेला टी. टी. मूर नावाचा इंग्रज अधिकारी स्फोटकांनी भरलेली जीप घेऊन पूल उडविण्यासाठी येत असता भारतीय तुकडीच्या हाती सापडला. व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरील आपल्या १९५६ च्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे. मूर वेळेवर पोहोचला असता तर त्या कृत्याला हैदराबादच्या बाजूने प्रसंगावधान म्हटले गेले असते, आणि आपण त्याला घातपात म्हटले असते. युक्तीचे वाङ्मयीन दैव असेच असते. शौर्य उभयपक्षी मान्य होते. शत्रूच्या शौर्याची स्तुती केल्याने आपलेच शौर्य वाढते हे सर्व भाटांना ठाऊक असते. युक्ती मात्र आपली असली तर चातुर्य, दुसऱ्याची असली तर दगा. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रतापगडच्या भेटीला विश्वासघात ठरविले आणि पुढे मराठी इतिहासकारांच्या दोन-तीन पिढ्या त्याचे खंडन करण्यात गेल्या, त्याचे मूळ येथे आहे. योगायोग असा, की १८५३ नंतर हा प्रदेश काही वर्षे इंग्रजी अमलाखाली असताना येथील कारभार पाहणारा आणि नळदुर्गच्या किल्ल्यात राहणारा कॅप्टन मेडोज टेलर यानेही त्याच प्रसंगावर कादंबरी लिहिली. १८६३ मधील ‘तारा’ ही ती कादंबरी. तिची नायिका तुळजापूरची आहे. बाहेरच्या वाचकाला या मुलखाची ओळख प्रथम झाली ती बहुधा अशा लेखनातून.

प्रशस्तीलेखक युक्ती टाळतो याचे एक कारण हेच असावे. राज्यसंस्थेला आपल्या वीरात असे काही नको असते, की ज्याचा उलट अर्थ लावता येईल. जिवाची बेपर्वाई हा निरपवाद गुण आहे. त्याला कोणी दगा म्हणणार नाही.

या दृष्टीने बचित्तर सिंगांच्या पदकाचे नावही वाचण्यासारखे आहे. अशोकचक्र ४ जानेवारी १९५२ रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले गेले. शत्रूसमोर केलेल्या पराक्रमासाठी परमवीरचक्र, आणि शत्रूसमोर नसलेल्या प्रसंगातील पराक्रमासाठी अशोकचक्र, अशी ही विभागणी आहे. नळदुर्गला खणलेले मोर्चे होते, गणवेशातील सैन्य होते, मशीनगन होत्या. नव्हता तो केवळ ‘शत्रू’ हा शब्द. भारत सरकारने हैदराबादच्या मोहिमेला युद्ध म्हटले नाही. ती पोलीस कारवाई होती, आणि मराठवाड्यातील जुनी माणसे त्या दिवसांना ‘पोलीस ॲक्शन’ म्हणूनच ओळखत. संस्थानातील प्रजा आपली आहे, तेव्हा तेथील सैन्य परके ठरत नाही, ही त्यामागील भूमिका राजनीतीच्या दृष्टीने समजण्यासारखी होती. दोनच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, तुंगभद्रेच्या रेल्वेपुलावर खुकरी घेऊन मशीनगनवर एकटे धावून गेलेले गुरखा नाईक नरबहादूर थापा यांनाही हेच पदक मिळाले. एका शब्दाने मृत्यूचे वर्गीकरण कसे बदलते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. जखम तीच, मोर्चा तोच, फरक परिभाषेचा.

पूर्वीच्या काळी हे वर्गीकरण दगडात होत असे. मराठवाड्यात गावोगावच्या देवळांच्या परिसरात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. वाचावयाचे खालून वर. गायी दाखविल्या असतील तर गोधनाच्या रक्षणासाठी मृत्यू, एवढे कारण कळते. नाव बहुधा नसते. वीरगळ कोणत्या राजाच्या बाजूने लढला हे विचारीत नाही, तो कोणत्या गावासाठी पडला एवढे सांगतो. समुद्रगुप्ताच्या प्रयागप्रशस्तीत हरिषेणाने राजाच्या अंगावरील शेकडो व्रणांचे वर्णन केले आहे. तेथे व्रण राजाचे, कारण कवी राजाचा. आधुनिक प्रशस्तीचे मोठेपण असे, की तिने ‘प्रशस्ती’ हा राजाचा शब्द हवालदाराला दिला आणि वीरगळातल्या निनावी माणसाला नाव, पलटण व तारीख दिली. तिच्यावर आक्षेप घेताना हे ऋण विसरता कामा नये.

मात्र वीरगळ आणि पोवाडा यांच्याकडे असलेली एक गोष्ट तिने गमावली. ती म्हणजे मेलेल्या माणसाचे घर. तुलसीदासाच्या सिंहगडावरील पोवाड्यात तानाजीच्या मृत्यूला जो भार येतो तो मुलाच्या लग्नामुळे. घरी मंडप पडायचा आहे, आमंत्रण द्यावयास गेलेला बाप मोहीम घेऊन परततो. त्यात वेषांतर आहे, घोरपड आहे, थट्टा आहे. लढाई येईपर्यंत श्रोता निम्मा वेळ हसतो आहे. म्हणून मरण येते तेव्हा ते एका विशिष्ट माणसाचे येते. बखरीत अशा मरणाला एक साधा शब्दप्रयोग आहे : अमुक सरदार कामास आला. आजचे आपले ‘वीरमरण’, ‘हौतात्म्य’, ‘बलिदान’ हे शब्द भव्य आहेत, पण त्यांत कामाचा उल्लेख नाही. बलिदानात तर बळी देणारा आणि बळी जाणारा वेगळे असण्याचाही धोका आहे. ‘कामास आला’ म्हणताना बखरकार मेलेल्या माणसाला अखेरपर्यंत कर्ता ठेवतो. तिसरा मोर्चा बंद पाडून गेलेल्या हवालदाराला हा जुना शब्दप्रयोग अधिक शोभतो, असे मला वाटते.

प्रशस्ती आणखी एका ठिकाणी थांबते, आणि तेथे थांबणे तिच्या स्वरूपात असले तरी या जिल्ह्याच्या अभ्यासकाने थांबू नये. तिला आधीचे दिवस नसतात आणि नंतरचेही. आधीचे दिवस म्हणजे रझाकारांच्या अत्याचारांचे, गावे सोडून सोलापूरच्या बाजूला निघून आलेल्या कुटुंबांचे, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाचे आणि सरहद्दीवरील कॅम्पांचे. त्यांचे लेखन झाले आहे; अनंत भालेराव यांचा हैदराबाद स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा यांवरील ग्रंथ त्यात अग्रगण्य आहे. नंतरचे दिवस म्हणजे सप्टेंबर अखेरचे. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या शिष्टमंडळाने सरकारला जो अहवाल दिला, त्यात मुसलमान रहिवाशांवरील सूडाच्या हत्यांनी सर्वांत अधिक ग्रासलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव होते. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. त्याचा दोष नळदुर्गला पडलेल्या हवालदाराच्या माथी येत नाही. तो तेव्हा जिवंतही नव्हता. पण एका मुलखाच्या एका महिन्याविषयी राज्यसंस्थेने दोन कागद तयार केले, त्यांपैकी एक राजपत्रात गेला आणि दुसरा कपाटात, हे वाचकाला ठाऊक असले पाहिजे. प्रशस्तीतील मौन वाचता आले तरच तिच्यातील शब्द वाचता येतात.

मौनाची आणखी एक जागा प्रशस्तीच्या आतच आहे. ‘मोर्चा बंद पाडला’ असे आपण वाचतो. लष्करी भाषेत मोर्चा गप्प होतो. गप्प होणारी वस्तू मशीनगन असते. त्या तिसऱ्या खड्ड्यात गन चालविणारी माणसेही होती. तीही मागे न हटता शेवटपर्यंत बसली होती, नाहीतर हवालदाराला हातगोळ्याच्या अंतरापर्यंत सरपटत जाण्याची वेळ आली नसती. त्या माणसांच्या वाट्याला प्रशस्ती नाही, कारण त्यांचे राज्य चार दिवसांत संपले. वीरगळ कोरणारा पाथरवट खालच्या चौकटीत दोन्ही बाजूंची माणसे कोरतो. तेवढी जागा त्याच्याकडे असते.

राहिला प्रश्न मराठी रूपांतराचा. शौर्यप्रशस्ती मूळ इंग्रजीत लिहिल्या जातात आणि आपल्याकडील लेखक त्यांची भाषांतरे करतात. पदव्युत्तर वर्गांत भाषांतराचा अभ्यास होतो. त्यात यांतील चार-पाच प्रशस्ती नेमून पाहाव्यात. बचित्तर सिंगांच्या प्रशस्तीत ‘जिवाची पर्वा न करता’ या जागी काय लिहावे, यावर विद्यार्थ्यांचे मतभेद होतील. कोणी ‘जीव जाणार हे ओळखून’ असे लिहील, कोणी बखरीच्या वळणाने ‘शर्थ करून’ असे. कोणी तो वाक्यांश सरळ गाळील आणि मांडी, सरपटणे व दोन हातगोळे एवढेच ठेवील. मी स्वतः तिसऱ्या विद्यार्थ्याला अधिक गुण देईन.